जे बरं चाललंय, तेही दिसायला हवं

रोजच्या आयुष्यात जे चांगलं आहे त्याची कदर करावी, या साध्या वाक्यावरून सध्या चांगलंच भांडण जुंपलं आहे. एका बाजूला सकारात्मकतेचे धडे देणारे लोक आहेत. रात्री झोपताना तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, तक्रारी थांबवा, आयुष्य आपोआप सुधारेल, असं ते सांगतात. दुसऱ्या बाजूला त्यांच्यावर तुटून पडणारे आहेत. त्यांच्या मते ही पोट भरलेल्यांची शिकवण आहे. महिनाअखेरीला हातातोंडाची गाठ पडत नाही अशा माणसाला ‘आहे त्यात आनंद मान’ म्हणणं म्हणजे त्याच्या हक्काच्या मागणीवर बोळा फिरवणं. पहिले दुसऱ्यांना कुरकुरे ठरवतात, दुसरे पहिल्यांना भोंदू. या धुमश्चक्रीत मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

मला दोन्हीकडच्या बोलण्यात एकच चूक दिसते. कदर म्हणजे मन शांत करणारं औषध, हे दोघांनीही गृहीत धरलंय. भांडण फक्त ते घ्यावं की टाळावं एवढ्याचंच. माझं म्हणणं असं की कदर ही आधी नजरेची गोष्ट आहे आणि मग मनाची. आपल्या भोवती काय नीट चाललंय, ते कशामुळे चाललंय आणि कुणाच्या जिवावर चाललंय, हे दिसणं म्हणजे वास्तव पुरतं दिसणं. ज्याला फक्त बिघाड दिसतो त्याला अर्धंच जग दिसतं. आणि जे दिसत नाही ते माणूस जपणार कसं, दुसऱ्यासाठी मागणार तरी कसं?

विरोधकांच्या मुद्द्यांपैकी सर्वांत वजनदार मुद्दा मी आधीच मान्य करून टाकतो, कारण तो खरा आहे. कदरीची सक्ती हे सत्ताधाऱ्यांचं जुनं हत्यार आहे. जॉर्ज पुलमन या अमेरिकन कारखानदाराचं उदाहरण घ्या. रेल्वेचे झोपण्याच्या सोयीचे डबे बनवणाऱ्या या माणसाने १८८०च्या दशकात शिकागोजवळ आपल्या कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं. विटांची नेटकी घरं, बागा, वाचनालय, घरात नळाचं पाणी. त्या काळच्या कामगारवस्त्यांच्या तुलनेत हे सगळं खरोखरच चांगलं होतं. १८९३ची मंदी आली तशी त्याने मजुरी सुमारे पाव हिश्शाने कापली, घरभाडं मात्र होतं तेवढंच ठेवलं. मे १८९४ मध्ये कामगार संपावर गेले. शिकागोत राहून हा संप जवळून पाहणाऱ्या समाजसेविका जेन ॲडम्स यांनी त्यातलं मर्म टिपलं: मालकाला आपल्या उपकारांची जाणीव हवी होती आणि त्या अपेक्षेपायी कामगारांची न्याय्य मागणी त्याच्या कानांपर्यंत पोचतच नव्हती. पुढे १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला कारखान्याबाहेरची ही सगळी मालमत्ता विकायला लावली. आजही कामाचे तास कमी करण्याऐवजी कर्मचाऱ्यांसाठी कृतज्ञतेची शिबिरं भरवणारी आस्थापनं त्याच वाटेने चालली आहेत.

पण या उदाहरणातून निष्कर्ष कोणता निघतो? गावातल्या बागा वाईट होत्या, असा निघतो का? संपकऱ्यांनी घरं किंवा नळ नाकारले नव्हते. मजुरी आणि भाडं यांच्यातला अन्याय नाकारला होता. ‘हे चांगलं आहे’ ही एक गोष्ट झाली. ‘म्हणून तू गप्प बस’ ही दुसरी. या दोन वाक्यांमधला सांधा पुलमनने जुळवला होता, आणि आजचे टीकाकार तो सांधा जसाच्या तसा स्वीकारून पहिलं वाक्यच टाकून देतात. माझ्यापुरती कसोटी सोपी आहे: कदर कर, असं कोण कुणाला सांगतंय? वरचा खालच्याला सांगत असेल तर सावध व्हावं. स्वतःच स्वतःला सांगितलं, किंवा ज्याच्या कष्टांवर आपलं चाललंय त्याच्याकडे बघून सांगितलं, तर त्याची जात वेगळी.

दुःखात असलेल्या माणसाबद्दलचा आक्षेपही रास्त आहे. ज्याचं मूल गेलं किंवा ज्याला दुखण्याने खाटेला खिळवलं, त्याला आयुष्यातल्या छोट्या आनंदांची यादी करायला सांगणं हा निष्ठुरपणा आहे. तिथे सोबत बसावं, उपदेश करू नये. यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

वाद आहे तो पुढच्या मुद्द्यावर, आणि हा मुद्दा टीकाकारांचा लाडका आहे. असंतोष हाच प्रगतीचा जनक, समाधानी माणसाने जगात काहीच बदललं नाही, असं ते म्हणतात. ऐकायला हे इतकं पटतं की तपासून बघायचं कुणाच्या मनातच येत नाही. आपण तपासून बघू.

१८४०च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिला डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. १८४१ ते १८४६ या वर्षांत पहिल्या विभागात सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास बाळंतिणी दगावत होत्या. दुसऱ्यात चार टक्क्यांच्या आत. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गयावया करत. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर या मृत्यूंनी अस्वस्थ होता, यात शंका नाही. पण अस्वस्थ तर आणखीही कितीतरी जण होते. हवेतला दोष, बायकांची भीती, ईश्वरी इच्छा, अशी कारणं सांगून ते हळहळत होते. सेमेलवाइसचं वेगळेपण हे की सुइणींच्या विभागात जे बरं चाललं होतं, त्याची त्याने गांभीर्याने दखल घेतली. तिथे काय नीट होतंय, हा प्रश्न त्याने धरून ठेवला. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला जाणारे हात फक्त पहिल्या विभागात होते. १८४७च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि पहिल्या विभागातले मृत्यू झपाट्याने घसरून दुसऱ्याच्या पातळीला आले. सुइणींचं काम चांगलं चाललंय हे ज्यांना मानायचंच नव्हतं, त्यांच्या असंतोषाने एकही बाई वाचली नाही.

१८५४च्या लंडनमध्येही हेच दिसतं. ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास काही दिवसांत शेकडो माणसं कॉलऱ्याने गेली. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यूंचा नकाशा काढला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच्या युक्तिवादाला बळ आलं ते न मेलेल्या माणसांमुळे. जवळच्या गरिबांच्या आश्रयगृहात पाचशेहून अधिक लोक राहत होते आणि त्यांतले फक्त पाच दगावले. त्यांची विहीर वेगळी होती. त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यातले सत्तरेक कामगारही कॉलऱ्याने मरण्यापासून बचावले. सार्वजनिक पंपाचं पाणी ते पीतच नव्हते. इथे सगळं ठीक कसं, असं विचारणारा माणूस रोग पसरवणाऱ्या त्या पंपापर्यंत पोचला.

अगदी अलीकडचं उदाहरण व्हिएतनाममधलं आहे. १९९०च्या अखेरीस जेरी आणि मोनिक स्टर्निन हे जोडपं तिथल्या मुलांच्या कुपोषणावर काम करायला गेलं. गावात काय कमी आहे याची यादी करायला बसले असते तर ती संपली नसती. त्यांनी उलटं विचारलं: तेवढ्याच गरीब घरांतली काही मुलं धडधाकट आहेत, ती कशी? त्या घरांतल्या आया भातखाचरातल्या बारीक कोळंब्या, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या आणि दिवसातून जास्त वेळा खाऊ घालत होत्या. शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असलेलं हे शहाणपण आता इतर आयांनी उचललं आणि गावोगावची मुलं सुधारली. ही कदर लोकांना थंड करणारी होती का? तिने तर बाहेरच्या मदतीची वाट पाहत बसायची गरजच संपवली.

म्हणून मला वाटतं, असंतोष माणसाला उठवतो हे खरं, पण कुठे जायचं ते त्याला चांगल्याच्या ओळखीतून कळतं. नुसत्या असंतोषाला दिशा नसते. हे नको, तेही नको, एवढंच त्याला म्हणता येतं.

यावर एक शंका उरते. प्रयोग आणि आकडेवारी ठीक, पण रोजच्या लहानसहान सुखांत रमणारा माणूस लढायला नालायक होत नाही का? याला मी पुस्तकी उत्तर देणार नाही. नेल्सन मंडेलांचं आयुष्य समोर ठेवतो. २७ वर्षांच्या बंदिवासात त्यांनी बाग केली. आधी रॉबेन बेटावर, आणि १९८२ मध्ये पॉल्समूरच्या तुरुंगात हलवल्यावर तिथल्या गच्चीवर, तेलाची पिंपं अर्धी कापून त्यांत भाज्या लावल्या. बी रुजताना पाहणं, त्याची निगा राखणं, तोडा काढणं, यात त्यांना मनापासून आनंद मिळत होता. याच माणसापुढे १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बोथांनी सशर्त सुटकेचा प्रस्ताव ठेवला आणि त्याने तो धुडकावला. फेब्रुवारीत सोवेटोमधल्या सभेत त्यांच्या मुलीने त्यांचा नकार वाचून दाखवला. लहान सुखांनी माणूस विकला जातो, असं मानणाऱ्यांनी या गच्चीवरच्या वाफ्यांचं काय करायचं ते सांगावं. मला तर उलट वाटतं. ज्याला तुरुंगातही स्वतःचा आनंद निर्माण करता येतो, त्याला बाहेरच्या आनंदाचं आमिष दाखवून वाकवता येत नाही.

आता सकारात्मकतेच्या प्रचारकांकडे वळतो, कारण त्यांचीही सुटका नाही. रोज यादी करा म्हणजे झालं, हा त्यांचा दावा त्यांच्याच क्षेत्रातल्या संशोधनाने पुरता उचलून धरलेला नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टी मोजणाऱ्यांना फायदा झाला. आठवड्यातून तीनदा मोजणाऱ्यांना झाला नाही. कारण उघड आहे. उरकायची म्हणून केलेली नोंद नजर उघडत नाही, आणि ज्या सवयीने चांगलं दिसेनासं होतं तीच सवय त्या यादीलाही गिळते. १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरीत घबाड लागलेल्या २२ जणांना विचारलं, की मित्राशी गप्पा, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक, अशा रोजच्या गोष्टींत किती मजा येते. लॉटरी न लागलेल्या लोकांपेक्षा या मंडळींना त्यांत कमी मजा येत होती. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. तरी तो एक गोष्ट दाखवतो: सुखाचं प्रमाण वाढलं की ते दिसण्याची ताकद आपोआप वाढत नाही, कधीकधी घटतेही. ताप उतरल्यानंतरच्या पहिल्या सकाळी नुसता मोकळा श्वासही केवढा मोठा वाटतो, आणि आठवड्याभरात तो श्वास आपण घेतोय हेसुद्धा लक्षात राहत नाही. श्वास तोच असतो.

मग नजर परत मिळवायची कशी? मिनक्युंग कू आणि सहकाऱ्यांचे २००८ चे प्रयोग मला इथे सर्वांत उपयोगी वाटतात. जोडीदाराशी आपली भेट कशी झाली हे लिहिणाऱ्यांपेक्षा, ती भेट कदाचित झालीच नसती, कशी हुकली असती, हे लिहिणाऱ्यांचं नात्यातलं समाधान जास्त वाढलं. चांगलं काय आहे हे घोकण्यापेक्षा ते नसतं तर काय, याचा विचार जास्त काम करतो. यात गोडगोड काही नाही. हा विचार थोडा भीतिदायकच आहे, आणि म्हणूनच तो प्रामाणिक आहे.

ही गोष्ट एकेका माणसापुरती नाही, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. समाजालाही चांगलं दिसेनासं होतं. जे व्यवस्थित चालतं ते बातमीत येत नाही, कारण ते घडलेलं दिसतच नाही. देवी हा रोग विसाव्या शतकात कोट्यवधी माणसांना घेऊन गेला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने तो जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर केलं. आज कुणाला सकाळी उठून आपल्याला देवी होणार नाहीत याचा आनंद होतो? होणारही नाही, आणि रोज व्हावा असं मी म्हणत नाही. पण विसरण्याची किंमत असते. गोवरावरची लस १९६३ मध्ये आली. २००० साली अमेरिकेने गोवर आपल्या देशातून हटल्याचं जाहीर केलं. मग गोवराने आंधळी झालेली, मेंदूला सूज येऊन दगावलेली मुलं न पाहिलेली पिढी पालक झाली, त्यातल्या काहींना लस हीच भानगड वाटू लागली, आणि २०१९ मध्ये त्याच देशात बाराशेहून अधिक रुग्ण सापडले. इथे नडली ती चांगल्याची कदर नसणं. जे मिळालंय ते कशामुळे मिळालंय हे ज्यांना आठवत नाही, ते ते सहज सोडून देतात.

टीकाकार म्हणतील, असं चांगलं दाखवत बसलं की उरलेलं वाईट झाकलं जातं. आकडे तसं सांगत नाहीत. १९९० मध्ये जगभरात पाच वर्षांखालची सुमारे सव्वा कोटी मुलं दगावली. २०२२ मध्ये हा आकडा सुमारे ४९ लाखांवर आला. या घटीची ज्याला कदर आहे त्यालाच ४९ लाख हा आकडा असह्य वाटायला हवा, कारण ही मुलं वाचवता येतात याचा पुरावा त्याच्या हातात आहे. ज्याच्या मते जग आहे तिथेच आहे, त्याच्यासाठी हे मृत्यू नशिबाचा भाग होऊन बसतात. त्याची निराशा बाणेदार दिसते खरी, पण तिला हाताशी काही लागत नाही.

आणि घरात? तिथे तर चांगलं कुणाच्या तरी हातांनी रोज नव्याने उभं राहतं आणि रोज संध्याकाळी विसरलं जातं. घडी घातलेले कपडे, भरलेलं पाणी, वेळेवर दिलेली औषधं. हे काम झालं तर दिसत नाही, राहिलं तरच दिसतं. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडमधल्या सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी एक दिवस काम करायचं नाकारलं. नोकरीही नाही, घरकामही नाही, मुलांना सांभाळणंही नाही. शाळा, दुकानं, कारखाने बंद पडले किंवा रडतखडत चालले. बाप मुलांना घेऊन कचेरीत गेले. पुढच्याच वर्षी तिथे समान हक्कांचा कायदा झाला आणि १९८० मध्ये विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. कूंच्या प्रयोगात माणसं ‘नसतं तर’ अशी कल्पना करत होती. आइसलँडच्या स्त्रियांनी ती एक दिवस प्रत्यक्षात आणून दाखवली. कदर आणि हक्क यांचं वैर असतं तर असं झालं नसतं. त्या दिवशी अख्ख्या देशाला कदर करायला भाग पाडलं गेलं, आणि हक्क तिच्या मागोमाग आले. मला विचाराल तर कदर न करणारा माणूस बहुतेक वेळा बंडखोर नसतो. दुसऱ्याचं श्रम फुकटात घेत असल्याचं त्याच्या गावीही नसतं.

यापुढे वाद घालायचाच असेल तर तो कशाची कदर आणि कुणाच्या सांगण्यावरून, यावर व्हावा. आठवड्याच्या सुट्टीचंच घ्या. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १८९० मध्ये मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर. एक दिवस विसाव्याचा, घरच्या माणसांचा, समाजाच्या कामाचा, हे सुख किती मोठं आहे याची त्यांना पक्की जाणीव होती. त्याचं मोल न कळणाऱ्या माणसाने त्यासाठी एवढा जीव आटवला असता का? आज तीच सुट्टी फोनवरच्या एकेका निरोपाने कुरतडली जाते. सुट्टीच्या दुपारी वरिष्ठांचा संदेश येतो, आपण उत्तर देतो, पुढच्या वेळी तो यायच्या आधीच फोन हातात असतो. फ्रान्सने कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आणला, कारण काहीतरी हातातून निसटतंय हे तिथे पुरेशा लोकांना जाणवलं होतं. ते जाणवण्यासाठी आपल्याला रिकामी दुपार आवडते, हे आधी स्वतःशी मान्य करावं लागतं. टीकाकारांना ही आवड ऐतखाऊ वाटते आणि प्रचारकांना ती वहीत नोंदवून विसरण्यापुरती पुरते. आपल्या सुट्टीचे किती तास खरोखर आपले उरलेत, हे दोघांपैकी कुणीच मोजायला सांगत नाही.